शस्त्रक्रिया लेकराची, कसोटी आईबापांची





मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गेल्या तिमाहीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी उपासनेनंतर तो अगदी स्पष्ट विचारला: "ताई, लहान मुलांची ऑपरेशनं हल्ली मोफत होतात म्हणता. मग तुमच्या हिशोबात बालरुग्णांसाठी खर्च कसला दिसतो?" प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे.

त्याचे उत्तर असे, की शस्त्रक्रिया मोफत होते, पण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणे आणि तिच्यानंतर लेकराजवळ थांबणे मोफत होत नाही. डॉक्टरांचे काम दीड-दोन तासांचे असते. आईबापांचे काम काही महिन्यांचे असते. ते मध्येच सुटले तर डॉक्टरांचे कौशल्यही वाया जाऊ शकते. हे नीट समजावे म्हणून एका कुटुंबाची हकिकत क्रमाने सांगते. त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. नाव आणि पाडा मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे वगळला आहे.

हे कुटुंब नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, म्हणजे अक्राणी तालुक्यातले. सातपुड्याच्या डोंगरात राहणारे पावरा समाजाचे लोक. घरात पावरी बोलतात. वडिलांना बाजारापुरती मराठी येते, आईला जवळजवळ नाहीच. त्यांची धाकटी मुलगी तेरा महिन्यांची असताना, गेल्या वर्षीच्या जुलैमध्ये, अंगणवाडीत तपासणीला आलेल्या वैद्यकीय पथकाने तिची टाळू दुभंगलेली असल्याचे पाहिले. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे होते. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी अशी योजना आहे. तेथून चिठ्ठी मिळाली आणि अंगणवाडीताईंनी आम्हांला कळवले.

टाळू दुभंगते म्हणजे काय

टाळू हे तोंडाचे छत असते आणि तेच नाकाच्या पोकळीचा तळही असते. गर्भ साधारण सहा ते नऊ आठवड्यांचा असताना टाळूचे दोन भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतात. ही जुळणी अपुरी राहिली तर मध्ये फट राहते. ओठाच्या बाबतीत असे झाले तर त्याला आपण फाटका ओठ म्हणतो. काही बाळांना दोन्ही असतात. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठाची किंवा टाळूची अशी फट असते, असे मानले जाते. म्हणजे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी दुर्मीळ नाही.

फाटका ओठ जन्मताच दिसतो. फक्त टाळू दुभंगलेली असेल तर चेहरा इतर बाळांसारखाच गोंडस असतो आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. या मुलीचा जन्म घरीच झाला होता. आईला दिसायचे ते एवढेच, की बाळ स्तनाला लागते, धडपडते, थकते, रडते आणि दूध नाकातून बाहेर येते. दूध ओढण्यासाठी तोंडात हवेची पोकळी धरावी लागते. छतालाच फट असेल तर ती धरता येत नाही. या आईने वर्षभर आपले दूध वाटीत काढून चमच्याने पाजले. तिला हे कोणी शिकवले नव्हते. लेकरू जगले ते तिच्या या चिकाटीमुळे, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे तिला बोलून दाखवले. आमच्या पावरी बोलणाऱ्या कार्यकर्त्या भगिनीने ते वाक्य तिला दोनदा समजावून सांगितले.

दुभंगलेल्या टाळूमुळे कानाच्या आतही पाणी साचते, कान वारंवार फुटतो, ऐकू कमी येऊ शकते. पण सर्वांत मोठे नुकसान बोलण्याचे होते. प, ब, क, ग यांसारखे उच्चार करताना तोंडात हवा कोंडून मग सोडावी लागते. फटीतून हवा नाकात निसटली की "बाबा" म्हणायला गेलेल्या मुलाच्या तोंडून "मामा"सारखे काहीतरी येते. म्हणून मूल बोलू लागण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान टाळू शिवणे चांगले समजतात. त्यानंतरही शस्त्रक्रिया करता येते. मात्र चुकीच्या उच्चारांची सवय एकदा जडली की ती मोडणे कठीण जाते. आमच्या हाती पाच महिने होते.

"मी ग्रहणात काय केलं?"

पहिल्या भेटीत आईने विचारलेला पहिला प्रश्न खर्चाचा किंवा धोक्याचा नव्हता. तिने विचारले, "मी ग्रहणात काही कापलं असेल का?" गरोदर बाईने ग्रहणात विळा-सुरी हातात घेतली तर बाळाचा ओठ किंवा टाळू कापली जाते, ही समजूत आपल्या महाराष्ट्रात सर्वदूर आहे. आदिवासी पाड्यांवरच नव्हे, शहरातल्या शिकलेल्या घरांतही आहे. आपल्या ख्रिस्ती घरांतही ती मी ऐकली आहे. सासूने तिला तेच ऐकवले होते आणि वर्षभर ती मनात कुढत होती.

डॉक्टरांनी तिला सांगितले की ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. यामागे बहुतेक वेळा एकच कारण नसते. काही अंश घराण्यातून येतो, काही गर्भारपणातील परिस्थितीतून येतो. गर्भारपणातील तंबाखू आणि काही औषधे यांमुळे धोका वाढतो, हे माहीत आहे. मात्र एखाद्या आईच्या बाबतीत बोट ठेवून "यामुळेच झाले" असे बहुधा सांगता येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यही असाच प्रश्न विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोघांनाही दोषमुक्त करतो आणि त्या मनुष्याला बरे करण्याच्या कामाला लागतो. मला या उताऱ्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी दोषाचे ओझे उतरते, मग उपचार होतो. आमच्या कामातही हाच क्रम ठेवावा लागतो. जी आई स्वतःला गुन्हेगार समजते ती डॉक्टरांसमोर प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न न विचारणाऱ्या आईला लेकराची काळजी कशी घ्यायची हे अर्धवटच कळते.

तारीख मिळाली, पण तेवढ्याने भागत नाही

नाशिकच्या एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होणार होती. १९९९ साली स्थापन झालेली 'स्माइल ट्रेन' ही आंतरराष्ट्रीय संस्था फाटक्या ओठाच्या व टाळूच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णालयांना साहाय्य करते. अशा रुग्णालयांत पालकांना शस्त्रक्रियेचे पैसे द्यावे लागत नाहीत. पण ऑगस्टमध्ये तपासणी झाली तेव्हा मुलीचे वजन कमी होते आणि हिमोग्लोबिन आठच्या आसपास. लहान मुलाला भूल देण्यापूर्वी ते साधारण दहा असावे असे डॉक्टर पाहतात. म्हणून लोहाचे औषध, अंगणवाडीतले अंडे आणि केळे, घरी घट्ट वरण-भात कुस्करून, असे सुरू झाले. आमच्या कार्यकर्त्या भगिनी दर आठवड्याला पाड्यावर जाऊन वजन घेत.

त्यातच रक्ताची आणखी एक तपासणी आवश्यक होती, ती सिकलसेलची. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेलचे रुग्ण असलेल्या मुलाला शस्त्रक्रियेच्या वेळी थंडी वाजली, अंगातले पाणी कमी झाले किंवा प्राणवायू कमी पडला तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. भूलतज्ज्ञांना हे आधी माहीत असले तर ते तयारी करतात. ही मुलगी रुग्ण निघाली नाही, केवळ वाहक निघाली. म्हणजे तिच्यात दोष एकाच पालकाकडून आलेला होता. "सिकलसेल" हा शब्द ऐकताच वडिलांचा चेहरा उतरला, कारण त्यांचा पुतण्या त्याच आजाराने गेला होता. रुग्ण आणि वाहक यांतला फरक समजावण्यात एक पूर्ण दुपार गेली. ती दुपार कोणत्याही बिलात येत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस पहिली तारीख मिळाली. धडगावहून घाट उतरून शहादा, तेथून धुळे, तेथून नाशिक; एसटीने पूर्ण दिवसाचा प्रवास. दुसऱ्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञांनी मुलीची छाती तपासली आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली. तिला सर्दी-खोकला झाला होता. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते. भूल देताना ती एकदम आवळली जाण्याची भीती असते. अशा वेळी दोन ते चार आठवडे थांबणे हाच शहाणपणा असतो. पण पालकांना त्यातून दिसले ते एवढेच, की एवढ्या लांबून आलो आणि परत पाठवले. वडील बसस्थानकावर म्हणाले, "ताई, आता नाही जमायचं."

त्यांचे कारण खरे होते. दिवाळीनंतर त्यांची टोळी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघणार होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक "कोयता" धरला जातो आणि मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. या कुटुंबाची उचल घराच्या कौलांवर आणि किराण्यावर खर्च झाली होती. कामावर न जाणाऱ्याचा खाडा पडतो आणि तो हिशोबातून कापला जातो. टोळी हंगाम संपल्यावरच परतणार, म्हणजे मुलगी जवळजवळ दोन वर्षांची झाल्यावर. शिवाय पडावावर, उसाच्या पाल्याच्या कोपीत, धुळीत आणि साठवलेल्या पाण्यावर तिचे वजन टिकेल याची कोणतीच खात्री नव्हती.

म्हणजे शस्त्रक्रिया मोफत होती, रुग्णालय तयार होते, डॉक्टर तयार होते आणि तरीही ती होणार नव्हती.

येथे आपल्या दानाचा उपयोग झाला. आम्ही मुकादमाशी बोललो. वडिलांचा भाऊ आणि भावजय टोळीबरोबर पुढे गेले आणि या जोडप्याने पाच आठवड्यांनी जायचे ठरले. त्या आठवड्यांच्या बुडणाऱ्या मजुरीइतकी रक्कम आपल्या संस्थेने दिली. दुसरी तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली.

उपाशी ठेवण्याची रात्र

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पालकांवर सर्वांत अवघड काम येते, ते म्हणजे रडणाऱ्या लेकराला खायला न देणे. भूल दिल्यावर घशाची राखण सुटते. पोटात अन्न किंवा दूध असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेतते. म्हणून जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. वेळा रुग्णालय सांगते आणि त्या तंतोतंत पाळाव्या लागतात. कळवळा येऊन आजीने एक बिस्किट हातात दिले आणि शस्त्रक्रिया रद्द झाली, असे प्रसंग घडतात. त्यात आजीचे प्रेम खोटे नसते. तिला कारण सांगितलेले नसते, एवढेच.

सोळा-सतरा महिन्यांच्या मुलाला कारण सांगता येत नाही. आई जवळ असली की त्याला दुधाची आठवण होते. म्हणून आम्ही सुचवतो की शेवटचे काही तास बापाने मूल सांभाळावे. या बापाने पहाटे चारपासून मुलीला खांद्यावर घेऊन वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. आई जिन्याच्या दुसऱ्या टोकाला बसून होती. नाशिकच्या नोव्हेंबरच्या थंडीत दोघांच्याही अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते. ते आमच्या यादीत आता कायमचे आले आहे.

सही

संमतिपत्र मराठीत होते. ते वाचून दाखवणारी परिचारिका प्रेमळ होती, पण त्यातले शब्द ऐकून कोणाही बापाचे हात थरथरावेत: भुलीचा धोका, रक्तस्राव, टाळूला पुन्हा छिद्र राहणे, क्वचित मृत्यू. पावरीत उलथा होत असताना वडिलांनी थेट विचारले, "मरेल का?" सर्जन बाईंनी त्यांच्याकडे पाहून सांगितले, की धोका अगदी कमी आहे पण शून्य नाही, आणि तो आणखी कमी व्हावा म्हणूनच आपण सर्दी जाईपर्यंत थांबलो. ऑक्टोबरमध्ये परत का पाठवले याचा अर्थ त्यांना त्या क्षणी लागला. त्यांनी सही केली. आईनेही अंगठा द्यावा असे त्यांनीच सुचवले.

मग मुलीच्या कमरेचा करदोडा, गळ्यातला काळा दोरा आणि हातातले चांदीचे कडे काढायला सांगण्यात आले. शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी विजेचे उपकरण वापरतात. अंगावर धातू असेल तर चटका बसू शकतो. दोरा आजीने पाड्यावरच्या बडव्याकडून बांधून घेतलेला होता. कात्री पुढे आली तेव्हा आई मागे सरली. आमच्या भगिनीने परिचारिकेला थांबवले आणि आईला म्हणाली, "तूच सोड, आणि तुझ्याजवळच ठेव." तिने गाठ स्वतः सोडली आणि दोरा पदरात बांधला. दोऱ्यावर आमचा विश्वास नाही हे त्यांना ठाऊक होते. पण ती वेळ वाद घालण्याची नव्हती.

दाराबाहेर

काही रुग्णालयांत मूल झोपेपर्यंत आईला आत थांबू देतात. येथे दारापर्यंतच परवानगी होती. मुलीला आधी गुंगी आणणारे गोड औषध दिले होते, तरी परिचारिकेने उचलून घेताच ती आईकडे झेपावली. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांना आईपासून दूर जाण्याचे भय सर्वांत जास्त असते. आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा तिच्याबरोबर आत दिला. ओळखीचा वास मुलाला धीर देतो.

आत नेमके काय होते, हे बाहेर बसलेल्या पालकांना आम्ही आदल्या दिवशीच हातांनी दाखवून सांगतो. मूल पूर्ण झोपलेले असते, त्याला काही कळत नाही. श्वासासाठी नळी असते. फटीच्या दोन्ही बाजूंची त्वचा आणि स्नायू मोकळे करून मध्ये आणतात आणि थराथराने शिवतात: नाकाच्या बाजूचे अस्तर, मग बोलण्यासाठी लागणारे स्नायू, मग तोंडाच्या बाजूचे अस्तर. टाके आपोआप विरघळतात. बाहेरून चेहऱ्यावर एकही खूण राहत नाही.

एवढे माहीत असूनही ते दोन तास लांबच वाटतात. वडील दार उघडले की उठून उभे राहायचे. त्यांनी मला विचारले, "तुमच्या देवाला सांगता का?" मी प्रार्थना केली, छोटीच. मार्काच्या पाचव्या अध्यायातील याईराची मुलगी मला त्या बाकावर आठवत होती. प्रभूने त्या घरातली सगळी गर्दी बाहेर काढली, पण मुलीच्या आईवडिलांना तिच्या खोलीत बरोबर नेले. आणि ती उठल्यावर त्याने तिला खायला देण्यास सांगितले. आजारी लेकराजवळ आईबाप असावेत आणि उठल्यावर त्याला खायला मिळावे, या दोन्ही गोष्टी प्रभूने स्वतः पाहिल्या आहेत.

शुद्धीवर येताना

पालकांना न सांगितले जाणारे एक सत्य असे, की भुलीतून उठणारे लहान मूल बऱ्याचदा ओळखीचे वाटत नाही. ते किंचाळते, हातपाय झाडते, आईलाच ढकलते. या मुलीच्या नाकातोंडातून लालसर लाळ येत होती, आवाज घोगरा झाला होता आणि ती आईकडे पाहून न पाहिल्यासारखे करत होती. आई घाबरून म्हणाली, "ही मला ओळखत नाही." हे भुलीचा अंमल उतरताना होते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. पहिल्या दिवशी थोडी रक्तमिश्रित लाळही अपेक्षित असते; ताजे लाल रक्त सतत येऊ लागले तर मात्र लगेच हाक मारायची. आधी सांगितलेले असले तर आई घाबरते, पण मांडीवरून मूल खाली ठेवत नाही. पाऊण तासाने मुलगी तिच्या कुशीत झोपली. संध्याकाळी तिने चमच्याने पाणी घेतले, आणि पहिल्यांदाच ते नाकातून आले नाही.

आई उशाशी असणे हे आपल्याकडे गृहीत धरले जाते. खाटेखाली चटई टाकून झोपणारी आई प्रत्येक सरकारी वॉर्डात दिसते. पण एके काळी इंग्लंडमध्ये मुलांच्या वॉर्डात पालकांना मोजक्याच वेळा येऊ देत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. वरून शांत दिसणारे मूल आतून किती खचते हे त्यातून लोकांना दिसले. १९५९ साली तेथील प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुलांजवळ मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली. तिकडे नियम आडवा येत होता. आपल्याकडे नियम आडवा येत नाही. बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली इतर लेकरे आणि रिकामे खिसे आडवे येतात. परिणाम तोच होतो.

पुढचे तीन आठवडे

तीन दिवसांनी सुट्टी मिळाली आणि खरी परीक्षा सुरू झाली. टाळू भरून येईपर्यंत साधारण तीन आठवडे भाकर, चणे, मुरमुरे असे कडक काही चालत नाही. भाताची पेज, नागलीची पातळ आंबील, गाळलेले वरण, दूध द्यायचे. प्रत्येक खाण्यानंतर दोन चमचे पाणी पाजून तोंड स्वच्छ ठेवायचे. चमचा आत खोल घालायचा नाही. मुलाने बोट किंवा काडी तोंडात घालू नये म्हणून या रुग्णालयाने कोपर वाकू नये अशा पट्ट्या बांधून दिल्या होत्या. टाका उसवला किंवा जंतू शिरले तर टाळूला छिद्र राहते, दूध पुन्हा नाकात जाते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

मक्याच्या भाकरीवर जगणाऱ्या, पाच लेकरांच्या घरात हे कसे पाळायचे? पडावावर तर अशक्यच. म्हणून हे तीन आठवडे आई, वडील आणि मुलगी शहाद्याजवळच्या आपल्या केंद्रातील खोलीत राहिले. नाशिकला असताना तेथील एका मंडळीच्या महिला संघाच्या भगिनींनी रोज पेज आणि पालकांसाठी डबा आणला होता. केंद्रात आईने चूल स्वतः सांभाळली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी टाळू पाहिली. ती पूर्ण जुळली होती. दुसऱ्याच दिवशी वडील टोळीकडे गेले आणि आई मुलीसह चार दिवसांनी. डॉक्टरांचा फोन नंबर आईने ओढणीच्या गाठीत बांधून नेला, काळ्या दोऱ्याशेजारीच.

मुलगी आता दोन वर्षांची झाली आहे. हंगाम संपवून कुटुंब परतल्यावर तिची वाचा-तपासणी झाली. "पाणी" म्हणताना तिचा "प" स्वच्छ येतो, "क" अजून अडखळतो. दर दोन महिन्यांनी वाचा-उपचार चालू आहेत आणि कानही तपासले जातात.

आपल्यापैकी काही जण विचारतील, ते कुटुंब उपासनेला येते का? नाही. आजीने दोरा पुन्हा बांधला आहे. वडील मात्र पाड्यावर आमची गाठ पडली की सर्वांना ओळख करून देतात आणि शेजारच्या पाड्यावरच्या फाटक्या ओठाच्या एका बाळाची बातमी त्यांनीच आणली. आपल्या मदतीच्या बदल्यात आपण काहीही मागत नाही. प्रभूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला होता, तरी बरे दहाही झाले होते.

आपण काय करू शकता

त्या वडीलधाऱ्या सभासदांना मी हिशोबाची वही दाखवली. त्यात शस्त्रक्रियेची रक्कम नव्हती. होती ती एसटीची तिकिटे, दोन पांघरुणे, नागली आणि दूध, खोलीचे वीजबिल, आणि बापाच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई. या नोंदी लहान दिसतात, पण यांतली एक जरी नसती तर बाकीच्यांचा उपयोग झाला नसता. आपले दान यासाठीच मागितले जाते.

पैशाखेरीजही मदत होऊ शकते. ज्या शहरांत मोठी रुग्णालये आहेत तेथील मंडळ्यांनी बाहेरगावच्या पालकांसाठी डबा, अंघोळीची सोय किंवा रात्रीची सोबत देता येईल का याचा विचार करावा. आपल्या ओळखीत फाटका ओठ किंवा दुभंगलेली टाळू असलेले बाळ असेल तर पालकांना सांगा की हे बरे होते, आणि शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. आणि गरोदर बाईला कोणी ग्रहणाची भीती घालत असेल तर गप्प बसू नका. त्या एका वाक्याने एखादी आई वर्षभर रडणार नाही.

प्रार्थनेचे विषय:

या मुलीच्या वाचा-उपचारांत प्रगती व्हावी आणि येत्या हंगामात ते खंडित होऊ नयेत.

शेजारच्या पाड्यावरील बाळाचे वजन वाढावे व त्याच्या आईवडिलांना धीर मिळावा.

डोंगरदऱ्यांत फिरणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई आणि आमच्या कार्यकर्त्या भगिनी यांना आरोग्य मिळावे.

दाराबाहेर वाट पाहत बसलेल्या प्रत्येक आईबापाजवळ कोणीतरी बसलेले असावे.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी